दुसरा चहा मागणारी वहिनी

जगातल्या सगळ्या बँका आमच्या वहिनीच्या ताब्यात दिल्या असत्या तर त्यातली एकही बुडाली नसती, असं माझं ठाम मत आहे. फक्त कर्ज मागायला फारसं कुणी फिरकलं नसतं. माझी ही थोरली भावजय मिरजोळ्यात बायकांचा कर्जगट चालवते. दर बुधवारी सकाळी आमच्या पडवीत सतरंजी पसरली जाते, कर्ज देणाऱ्या कंपनीचा साहेब मोटारसायकलवरून येतो, बायका ओळीने बसून हप्ते देतात. जामीन एकमेकींचाच, त्यामुळे शेवटचा हप्ता जमेपर्यंत कुणी उठायचं नाही, हा नियम. वहिनीने तो इतका मनावर घेतलाय की बुधवारी मला स्वतःच्या घरातून ऑफिसला जायला मागच्या दाराने सटकावं लागतं. मंगळवारी संध्याकाळपासून ती दारोदार आठवण करत फिरते आणि वाटेत भेटलेल्या, गटाशी काडीचा संबंध नसलेल्या माणसांनाही "उद्या बुधवार हाय, ध्यानात हाय ना?" असं दरडावते. एकदा पोस्टमनने घाबरून "हो" म्हटलं होतं.

नवी बाई गटात घ्यायची तर साहेबाकडे भलामोठा फॉर्म असतो. वहिनीचा त्यावर विश्वास नाही. ती त्या बाईच्या घरी जाते, चहा पिते आणि कप खाली ठेवून म्हणते, "अजून अर्धा दे गो." दुसरा चहा मागितल्यावर जिचा चेहरा उतरतो ती गटात नको, तिच्या डब्यात साखर नाही, ती हप्ता कुठून देणार? मी एकदा म्हटलं, "वहिनी, मग ज्यांना खरी गरज त्याच बाहेर राहिल्या की." त्यावर ती म्हणाली, "भावजी, तुम्ही चहा प्या." पण तिचा अंदाज चुकत नाही, हेही खरं. गटातल्या एकीने शिलाई मशीन घेतलं आणि त्यावर मुलीला नर्सिंगला घातलं. दुसरीची घावनांची गाडी एमआयडीसीच्या फाटकाशी जोरात चाललीय. कुरकुरत का होईना, मी हे मान्य करतो.

सुगंधाच्या बाबतीत मात्र वहिनीने स्वतःचाच नियम मोडला. सुगंधा दुसऱ्या एका कोळणीच्या पाटीतले मासे रोजावर विकायची. नवरा मुंबईला गेला तो गेलाच. तिला स्वतःची पाटी हवी होती, बंदरावरच्या लिलावात उभं राहून स्वतः मासे घ्यायचे होते. वहिनीने दुसरा चहा मागितला तेव्हा तिचा चेहरा उतरलाच; मी सोबत होतो, मी पाहिलं. तरी बाहेर येऊन वहिनी म्हणाली, "घेऊया तिला. माझ्या शब्दावर." बायका नाराज झाल्या. पण सुगंधा पहाटेच्या गाडीने बंदरावर जाऊ लागली, हप्ते वेळेवर येऊ लागले, आणि वहिनी अशी मिरवू लागली की जणू ते मासे तिनेच पकडले होते.

मग पावसाळ्यातली मासेमारी बंदी आली. समुद्र बंद झाला, हप्ता काही बंद झाला नाही. सुगंधाने सुकी मासळी विकून थोडे दिवस रेटले, आणि एका बुधवारी, मी नेमका रजेवर घरी असताना, ती आलीच नाही. साहेब घड्याळ बघत बसला. "एकीचा थकला तर पुढचं कर्ज कुणालाच नाही," तो आवाज न चढवता म्हणाला, आणि म्हणूनच पडवीत कुणी हलेना. मशीनवाली वहिनीकडे बघून म्हणाली, "तुमच्या शब्दावर घेतली ना तिला? माझ्या पोरीची फी हाय पुढल्या महिन्यात." वहिनीने पदर खोचला, मला म्हणाली, "चला भावजी," आणि निघाली. हप्ता थकला की गटातल्या बायका घरातली भांडी उचलून आणतात, असं मी इतर गावांचं ऐकून होतो. मला कशासाठी बरोबर घेतलंय ते नीट कळलं.

सुगंधा दारातच बसली होती. तिच्यापुढे पितळेचा हंडा, घासून लख्ख केलेला, आईने लग्नात दिलेला. "न्या वयनी," ती म्हणाली, "तुम्ही मागायच्या आधीच काढून ठेवलाय." मला वाटलं, आता वहिनी हंडा आत ठेवील, तिला चार शब्द सुनावील आणि पदरचे पैसे भरील. पण त्या सकाळी वहिनीने स्वतःचा हप्ताही माझ्याकडून उसना घेतला होता, आणि महिनाअखेरीला माझाही खिसा तेवढ्यातच रिकामा झाला होता. तिने हंडा कमरेवर घेतला. मला हात लावू दिला नाही.

सतरंजीच्या मधोमध तो ठेवून ती म्हणाली, "जिच्या घरात हा शोभेल तिने न्यावा. सुगंधाचा हप्ता भरून." कुणी मान वर करेना. साहेबही मोबाईलमध्ये बघू लागला. शेवटी घावनवालीने एक नोट हंड्यात टाकली. मग मशीनवालीने, मग एकेक करत सगळ्यांनी. साहेब मोजून घेऊन निघून गेला.

संध्याकाळी वहिनी हंडा परत देऊन आली. सुगंधाने तो घेतला, "उपकार झाले" म्हणाली, आणि त्यानंतर आमच्या पडवीची पायरी चढली नाही. राहिलेले हप्ते तिने शेजारणीच्या हाती पाठवून फेडले. नवं कर्ज तिने घेतलं नाही; आता ती पुन्हा दुसरीची पाटी घेऊन फिरते, आणि आमचं घर टाळून खालच्या वाटेने पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरते. वहिनीने कितीदा निरोप धाडले. पुढचं कर्ज बाकी सगळ्यांना मिळालं, मशीनवालीच्या मुलीची फी भरली गेली. मी म्हटलं, "चांगलंच झालं की वहिनी, गट वाचला."

ती गवारी निवडत होती. "हप्ता आला, भावजी," ती म्हणाली. "बाई गेली."

मला तिच्याबद्दल फार माया वाटली. मी तिच्या शेजारी बसलो आणि गवारीच्या शेंगा मोडायला घेतल्या.