जिभेची परीक्षा

आमच्या जीवाश्मप्रेमी मंडळात दर रविवारी कोणी ना कोणी डायनासोरचं हाड म्हणून एखादा दगड घेऊन येतं, आणि आमचे सेक्रेटरी तो जिभेला लावून पाहतात. दगड झालेलं जुनं हाड ओल्या जिभेला चिकटतं, साधा दगड चिकटत नाही. फॅक्टरीत त्यांनी जन्मभर तयार माल तपासला, त्यामुळे निकाल देताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. "रिजेक्ट. चलो, पुढचं दाखवा." माझे सात दगड त्यांनी असेच परत केले, तेही आधी माझ्याच रुमालाने पुसून घेऊन.

त्यांचं स्वतःचं हाड मात्र कांचघर मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरी, काचेच्या कपाटात असतं. त्या हाडापायीच हे मंडळ निघालं, म्हणून ते तपासू द्या म्हणायची आजवर कोणाची छाती झाली नाही. आम्ही ते लांबून पाहतो आणि मान डोलावतो.

परवा मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा ते चहा टाकायला आत गेले. कपाटाची किल्ली कुलपातच होती. मी हाड काढलं आणि हळूच जीभ लावली. जीभ सरळ घसरली. वर पाहिलं तर ते दोन कप घेऊन दारात उभे.

"चिकटली?"

"हो ना काका. चांगलीच चिकटली."

त्यांनी कप खाली ठेवले, माझा रुमाल मागून घेतला आणि हाड सावकाश पुसलं.

"काहून खोटं बोलून राहिले, भैया? मी रोज सकाळी लावून पाहतो."