वाल्व तापेपर्यंत

आई गेली त्याला आठ महिने झाले होते, आणि माझ्या लेकीचं लग्न वर्षाच्या आत करायचं ठरलं होतं. आमच्या कोळीवाड्यात तशीच रीत आहे. वर्ष उलटलं की तीन वर्षं थांबावं लागतं. त्यामुळे मी दुःखातही होते आणि साड्यांच्या दुकानातही.

आई धवलारीण होती. आमच्याकडे लग्न मंत्रांनी कमी आणि गाण्यांनी जास्त लागतं. मांडव घालण्यापासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, आणि ते धवलारीण गाते. आईनंतर वाड्यात एकच उरली, तिची धाकटी बहीण, माझी मावशी. मी काही शिकले नाही. आई गायची तेव्हा मी मांडवाच्या खांबाला टेकून पुस्तक वाचायचे. पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागली आणि त्या सवयीचं चीज झालं, एवढंच.

मावशीला आता दम लागतो. अख्खं लग्न गाणं तिच्याच्याने होणार नव्हतं. तेव्हा मी म्हटलं, घरीच थोडं थोडं रेकॉर्ड करू आणि मांडवात लावू. ती तयार झाली, पण अट घालून.

"तुज्या आयचा आवाज मांडवात कसा यायचा? तसा माजा आला पायजे. न्हाय आला तर लावायचा न्हाय. डीजे लावा खुशाल."

लग्नाला बारा दिवस होते.

ती काय मागते आहे हे मला नेमकं माहीत होतं. माझ्या लहानपणी मांडवात टेबलाखाली वाल्वचा ॲम्प्लिफायर असायचा. चालू केला की काचेच्या नळ्यांत तांबूस उजेड हळूहळू चढायचा, आणि तो पुरता चढेपर्यंत आई सुपारी कातरत बसायची. मग तिचा आवाज यायचा तो भाजलेल्या पापलेटासारखा, कडेने खरपूस, आत मऊ. आईचा आवाज म्हणून मला जो आठवतो, तो त्या नळ्यांतून आलेला.

मी माइक घेतला, पुतणीच्या नवऱ्याकडून सॉफ्टवेअर घालून घेतलं, झोपायच्या खोलीत भिंतीला गाद्या उभ्या केल्या. मावशी गायली. मी हेडफोन तिच्या कानांवर चढवले. तिने ऐकलं आणि हेडफोन असे काढले, जसा कुणी दुसऱ्याची चप्पल चुकून घातल्यावर काढतो.

"ह्यो माजा आवाज न्हाय गो. ही बाई ब्यांकेतली हाय. आता टोकन नंबर सांगंल."

लेक म्हणाली, "आई, तू आवाजाला इस्त्री केलीयेस."

मग मी वाल्वच्या मागे लागले. कॉम्प्युटरवर खोटे वाल्व मिळतात. पडद्यावर काचेच्या नळ्यांचं चित्र, त्यात तांबूस उजेड, खाली गोल खुंटी. खरा वाल्व जोरदार आवाज आला की त्याची टोकं चेपून गोल करतो, त्यात किंचित भर घालतो. तेच हे सॉफ्टवेअर हिशेबाने करतं, म्हणजे आवाज उबदार वाटतो. मी दोन दिवस वाचून काढले. खुंटी फिरवत गेले. मावशीने एकदा पडद्यावरच्या नळीवर तळहात ठेवून पाहिला.

"थंडगार हाय," ती म्हणाली. मग हात खाली सरकला, लॅपटॉपच्या पोटाशी. "अगो, हितं तापलंय!"

आम्ही तिघी इतक्या हसलो की एक गादी पडली. आठ महिन्यांत घरात पहिल्यांदा. मग तिघींनी एकदम तोंडावर हात धरला, कारण शेजारची खोली आईची.

पण आवाज काही तापेना. खुंटी पुरती फिरवली तर नुसती खरखर आली, मिक्सरमध्ये खडा गेल्यासारखी. शेवटी मी ऐकणं सोडून पडद्यावर आवाजाची लाट नुसती बघत बसले, आणि तेव्हा दिसलं. मावशी देवांना मांडवात बोलावते तिथपर्यंत लाट बरी होती. देवांनंतर घरातल्या गेलेल्या माणसांना बोलवायचं असतं, एकेकाचं नाव घेऊन. त्यांना आमंत्रण गेल्याशिवाय पुढचं लग्न लागत नाही. तिथे जाताजाता लाट उंदराच्या शेपटीसारखी बारीक व्हायची. मग खोकला. मग "पानी दे." आणि मग एकदम हळदीचं गाणं. तीनदा रेकॉर्ड केलं होतं, तिन्ही वेळा तसंच. आमंत्रण तिने गायलंच नव्हतं, आणि सगळं गाणं ती दबकत गायली होती. वाल्व, खरा असो की खोटा, भरदार आवाज आल्याशिवाय काहीच करत नाही. मी रिकाम्या पातेल्याखाली गॅस मोठा करत होते.

हे मावशीला कसं सांगावं ते मला कळेना. दोन दिवस मी पत्रिकांवर नावं घालत बसले.

तिसऱ्या दिवशी बोर्ली पंचतनला पत्रिका द्यायला निघालो. आगरदांड्याला गाडी फेरीबोटीवर चढवली. मी स्टिअरिंगपाशी, मावशी शेजारी, लेक मागे. बोट सुटली, किनारा जरा लांब गेला, आणि मावशीने काच वर केली.

"ती तुजी मशीन आनलीस काय?"

"पिशवीत आहे. का?"

"काढ."

"इथे? अगं, बोटीचं इंजिन केवढं वाजतंय!"

"मांडवात जनरेटर नसतो काय?" मग ती समोरच्या पाण्याकडे बघत म्हणाली, "घरात कशी गाऊ? तिची खोली तिथं, तिचा पाट तिथं. तिच्याच घरात बसून तिला मेलेल्यांत बोलवू? इथं खाडीवर कोनाचं घर न्हाय."

लॅपटॉप मी मांडीवर घेतला. लेकीने माइक धरला, आणि दुसऱ्या हाताने डोक्यावर गाडी पुसायचं फडकं ओढलं. "नवरी पाहिजे ना," म्हणाली.

मावशी गायली. देवांना बोलावलं. मग आजोबांना, आजीला, वादळात गेलेल्या मामाला. आणि मग न थांबता, बंद गाडीच्या काचा थरथरतील अशा आवाजात, तिने आईचं नाव घेतलं आणि म्हणाली, ये गो बाय, नातीच्या मांडवाला ये, तुजा पाट मांडलाय. पडद्यावरचा काटा लाल पट्टीत जाऊन आदळला. मला काटा खाली आणायचा होता आणि डोळेही पुसायचे होते, आणि हात एकच मोकळा होता. मी डोळे पुसले.

बाहेर टोपल्या घेतलेल्या बायका काचेला नाक लावून उभ्या. "कोनाचं लगीन गो?" एकीने विचारलं. लेकीने फडक्याआडून स्वतःकडे बोट केलं. मग त्याही ओळीचं शेवटचं अक्षर ओढायला लागल्या.

गाणं संपलं तसा मी तोच खोटा वाल्व लावला, खुंटी जेमतेम अर्ध्यावर. गाडीच्या स्पीकरवर सोडलं. इंजिनाची घरघर होती, बायका होत्या, आणि मधोमध तो आवाज, कडेने खरपूस. मावशी मान खाली घालून ऐकत राहिली. मी तिच्याकडे बघत नव्हते, हिंमतच नव्हती.

"ह्यो चालंल," ती म्हणाली. मग नाक पुसून, "जोरात लाव. ती लांब बसलेली असनार."

एव्हाना दिघी आली होती. पुढची गाडी केव्हाच उतरली होती आणि मागचा मासळीचा टेम्पो हॉर्न मारत होता. बोटीवरचा माणूस बोनेटवर थाप मारून ओरडला, "ओ ताई, लगीन उतरून लावा ना!"

"आमंत्रन झालंय," मावशी काच खाली करून त्याच्यावर ओरडली, "तू पन ये!"

मला इतकं हसू येत होतं की गिअरच पडेना.