डब्यासोबत एक बोलणं

ग्वाल्हेरातल्या गोरखी महालाजवळ राहणाऱ्या, मला डबा देणाऱ्या काकू नसत्या, तर माझं आणि वडिलांचं बोलणं कधीच बंद पडलं असतं. हे आधीच सांगून टाकतो, नंतर राहून जायला नको.

मी सांगली जिल्ह्यातला. आठवीनंतर शाळा सुटली आणि आमच्याकडची पुष्कळ माणसं जातात तसा मीही गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या कामाला लागलो. ग्वाल्हेरला येऊन वर्षं झाली, पण इथला झालो असं म्हणवत नाही. दिवसभर भट्टी आणि ॲसिडचा वास. काही चुकीचं बोलून बसेन या धास्तीनं मी आपणहून तोंड उघडत नसे.

काकू एकट्याच असतात. त्यांचं घराणं पिढ्यांपूर्वी दक्षिणेतून, म्हणजे आपल्या महाराष्ट्रातून, इकडे आलेलं. त्यांचा डबा लावला आणि माझी वेगळीच पंचाईत झाली. आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. पैसे देऊन घेतलेल्या डब्याला ही रीत लागू नाही हे कळत होतं, तरी हात धजेना. धुतलेल्या डब्यात मी थोडी साखर घालून देऊ लागलो. काही दिवस काकूंनी ती ठेवून घेतली. मग एकदा म्हणाल्या, "अरे, मला शुगर आहे. मारतोस का मला?"

मी खजील झालो. त्या हसल्या. गुडघ्यांमुळे त्यांना जिना उतरवत नव्हता, बाहेरचं काही कानावर येत नव्हतं. म्हणाल्या, "साखर नको. बाजारात कोणी काही छानसं बोललं, तर ते आणत जा."

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर आलेला एक सुविचार मी पाठ करून गेलो. काकूंनी तोंड वाकडं केलं. "हे तर छापलेलं आहे. बोललेलं आण."

तेव्हापासून मी कान उघडे ठेवून हिंडू लागलो. मला घाई करताना पाहून एका म्हाताऱ्या सोनारानं म्हटलं होतं, "आँच से मत डर, जल्दी से डर." ते काकूंनी मला दोनदा म्हणायला लावलं. टोपी बाजारात एक गिऱ्हाईक टोपी लहान होते म्हणून कुरकुरत होतं, तर दुकानदार शांतपणे म्हणाला, "टोपी छोटी नहीं है भैया, आप सोचते ज़्यादा हो." माझ्याशी फारसं कोणी बोलत नव्हतं, तरी आता बाजारातून मी रिकाम्या हातानं परतत नव्हतो.

मग आण्णांना, माझ्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. मी गावी जाऊन आलो, पण काम सोडून फार राहता येईना. इकडे आल्यावर आई रोज संध्याकाळी त्यांच्या कानाशी फोन धरायची. "आण्णा, जेवलात का?" एवढं विचारून माझं संपायचं. पलीकडे नुसता श्वास. आई म्हणायची, "बोल की रं, ऐकत्यात ते." मला भट्टीशिवाय काय ठाऊक? असंच चाललं तर एक दिवस आई फोन लावणंच सोडेल आणि आण्णांना वाटेल पोरगं विसरलं, ही भीती मला जेवू देईना.

डबा तसाच परत आलेला पाहून काकूंनी विचारलं. मी सगळं सांगितलं. त्या भाजी निवडत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मला सांगतोस तेच त्यांना सांग ना. आणि आधी त्यांना सांगायचं. मला शिळं चालेल."

त्या संध्याकाळी मी आण्णांना टोपीवाल्याचं सांगितलं. आण्णांच्या डोक्यावर जन्मभर टोपी.  पलीकडून आईचा आवाज आला, रडवेला. म्हणाली, हसले बघ, तोंडाचा एकच कोपरा हलला, पण हसले.

आता रोजचं ताजं बोलणं आण्णांचं आणि शिळं काकूंचं. आण्णा हुंकार देतात, शब्द अजून फुटलेला नाही. डॉक्टर म्हणतात वेळ लागेल. कधी कधी ते हुंकारही देत नाहीत, तेव्हा खोलीत फार एकटं वाटतं.

काकूंनी दक्षिण कधी पाहिलेली नाही. आण्णा बोलू लागले की मी काकूंना आमच्या गावी नेणार आहे. जिना उतरवत नसेल तर पाठीवर घेऊन उतरवीन. आण्णांच्या खाटेजवळ त्यांना बसवीन आणि आण्णांचं ताजं बोलणं आधी त्यांना ऐकू देईन. मला शिळं चालेल.