बेचाळीस फाइली उरल्या

छापखान्यातले लोक माझ्या धाकट्या दिरांना 'कुलूप' म्हणायचे. तिथले कम्प्यूटर सांभाळण्यात त्यांचा जन्म गेला, पण तोंड म्हणून उघडायचं नाही. जाऊ गेल्यापासून तर घरात घड्याळाचाच काय तो आवाज. रविवारी मी डबा घेऊन जाते.

जाऊ अंधशाळेसाठी इतिहासाचं जाडजूड पुस्तक वाचून रेकॉर्ड करत होती. फोल्डरात फोल्डर, एकेका धड्याचं वेगळं, आणि प्रत्येकात एक, दोन, तीन अशा तिसेक फाइली. वाचताना चुकलं, की ती फाइल 'रद्द' नावाच्या फोल्डरात, तिथंही एकपासूनच आकडे. पुस्तक संपलं आणि महिन्याभरात तीही.

शाळेने निरोप धाडला, सगळं एकाच फोल्डरात, ओळीने नावं देऊन पाठवा.

"हातानं करायला महिना जाईल, वहिनी," भावजी म्हणाले. "दहा ओळींची स्क्रिप्ट लिहिलीय. कम्प्यूटर एका दमात सगळं बाहेर काढून ठेवेल."

"मग लावा की कामाला त्याला. तुमच्यासारखाच मुका दिसतोय."

कितीतरी दिवसांनी हसले. बटण दाबलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच काम झालं. आणि भावजींचा चेहरा उतरला.

"बेचाळीसच?"

"काय झालं?"

"प्रत्येक धड्यातली पहिली फाइल 'एक'च. धड्याचा आकडा आधी लावायचा, मग हलवायचं. मी उलट केलं. एकीवर एक बसत गेली, आधीची पुसत गेली. 'रद्द' शेवटी आलं, तेवढंच उरलं."

"दुसरी प्रत असेल ना?"

"प्रत ठेवत नाहीत म्हणून जन्मभर दुसऱ्यांना झापलं. इथं फोल्डर उघडायचाच धीर होईना."

मी मनात देवाचं नाव घेतलं. त्यांनी पहिली फाइल लावली.

"सतराव्या शतकात... अहो, दूध उतू जातंय! ऐकू येतंय का? देवा, काय माणूस आहे. पुन्हा वाचते."

भावजी खुर्चीतून अर्धे उठले होते. तसेच खाली बसले.

मग त्यांनी शाळेत फोन लावला. "माझ्या हातून पुसलं गेलं. नाही, उरलंय ते तुमच्या कामाचं नाही."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "भावजी, ते पुस्तक मी वाचू का? शाळेत धडे मोठ्यानं वाचायला मलाच उभं करायचे."

ते उठले. मग कपाटातून पुस्तक काढून माझ्या पिशवीत ठेवलं.

"वाचा, वहिनी. पण तुमच्या घरी वाचा. इथं नको."