सात नंबरचे बूट

चहा येऊ द्या आधी, मग सांगतो. डॉक्टर म्हणून आजवर मी बरीच माती खाल्ली, पण ही खाल्लेली अजून दाताखाली कचकचते. एका बापानं जिवापाड जपलेले त्याच्या पोराचे बूट मी देऊन टाकले. न विचारता! आणि वर फोटोही काढला.

साताऱ्यात माझा दवाखाना आहे. खेळाडूंचे गुडघे, घोटे, टाचा हे माझं काम. डिग्री घेतली तेव्हा एवढंच होतं. पुढं सुया टोचायला शिकलो, मग पाठीवर कप लावायला, मग काढे द्यायला. जे शिकेन ते बोर्डावर चढायचं. शेवटी बायको म्हणाली, आता फक्त 'पत्रिका जुळवून मिळेल' एवढंच लिहायचं राहिलंय.

तर अशा या सर्वज्ञ माणसाकडे बिरूअण्णा आले. माण तालुक्यातले, दहिवडीकडचे. साठी ओलांडलेली, सगळा जन्म मेंढरांमागं चालण्यात गेलेला. टाच दुखते म्हणत लंगडत आले. बघतो तर दोन्ही अंगठ्यांची नखं काळी! अशी नखं मी लांब पल्ल्याचं पळणाऱ्यांची बघतो. मेंढरं राखणाऱ्याची कशी? मी एकदम खूश झालो. डॉक्टरला अवघड पेशंट मिळाला की तो असाच निर्लज्जपणे खूश होतो.

अण्णांना मशीनच्या फिरत्या पट्ट्यावर चालवलं. समोर कॅमेरा, बाजूला कॉम्प्युटर. पाच मिनिटं मुकाट चालल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "डॉक्टर, ह्यो रस्ता पोचतो कुठं?"

मशीन म्हणालं, चाल उत्तम आहे. मला वाटलं, मशीन बिघडलं.

मग काय, दोन महिने मी माझा अख्खा बोर्ड अण्णांवर वापरला. दर गुरुवारी सुया टोचल्या, कप लावले. असा कडू काढा दिला की अण्णा म्हणाले, आमचं मेंढरूबी ह्याला तोंड लावायचं न्हाई. पण आले की लंगडत, गेले की लंगडत. माझी झोप उडाली हो.

आमच्या शोभाताई दहा वर्षं दवाखान्याचं काउंटर सांभाळतात. एक दिवस त्या म्हणाल्या, "डॉक्टर, हे अण्णा येताना लंगडतात, जाताना लंगडतात. आत तेवढे लंगडत नाहीत. एकदा दाराबाहेर येऊन बघा की."

आता सांगा, आपल्याकडे दवाखान्यात पायातलं कुठं काढतात? बाहेर! म्हणजे दोन महिने मी अण्णांचे पाय बघत होतो आणि त्यांचे बूट बघत होत्या शोभाताई. बाहेर जाऊन पाहिलं, तर निळे पळायचे बूट, सात नंबरचे. अण्णांचा पाय नऊचा.

इथपर्यंतचा गाढवपणा कुणालाही माफ होईल. पुढचा नाही.

अण्णा आत सुया लावून पडलेले, वीस मिनिटं हलायचं नाही. मी समोरच्या दुकानातून नऊ नंबरचे नवेकोरे बूट आणले. जुने उचलले आणि दारातल्या खोक्यात टाकले. ते खोकंही माझीच कल्पना. भरतीला पळणाऱ्या पोरांसाठी त्यात लोकांनी जुने बूट टाकायचे, आणि जतकडच्या एका अकॅडमीची जीप महिन्याला ते घेऊन जायची. नेमकी त्याच दुपारी जीप आली.

अण्णा बाहेर आले. नवे बूट घातले, चालले. लंगडणं गायब! मी टाळ्या वाजवल्या. त्यांनी हळूच विचारलं, आदलं बूट कुठं हायत. मी म्हटलं, गेले अण्णा, आता त्यांचं काय काम? अण्णा फोटोला उभे राहिले. तो फोटो मी दवाखान्याच्या स्टेटसला ठेवला. त्यात अण्णा कॅमेऱ्याकडे बघतच नाहीत, दाराकडे बघतायत.

पुढच्या गुरुवारी अण्णा परत आले. दुखत काही नव्हतं. शोभाताईंनी मला बोलावलं, तर हा माणूस खोक्यात खांद्यापर्यंत हात घालून बूट चाचपत होता. मला बघून ओशाळला. मी बाकावर बसवलं, पाणी दिलं, तेव्हा कुठं बोलला.

"आमचा सागर तीनदा भरतीला पळाला. तिसऱ्या बारीला थोडक्यात ऱ्हायला, आन वय संपलं. बूट उंबऱ्यावर काढून ठेवलं आन चपला घालून म्हमईला गेला. दोन वरसं झाली, फोन बी न्हाई. बूट पडून ऱ्हायलं की वाळून कडक व्हत्यात, डॉक्टर. म्हून मी रोज घालून हिंडायचो. आला तर मऊ असाय पायजेत."

मी म्हटलं, अण्णा, आधी का नाही सांगितलं? ते म्हणाले, "तुमी इचारलं न्हाई."

खरंच की. दोन महिने त्या माणसाच्या कानापासून टाचेपर्यंत सुया खुपसल्या आणि बूट कुणाचे एवढं विचारलं नाही. मला इतकी लाज वाटली की दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद ठेवून थेट जत गाठलं.

तिथं मैदानाच्या कडेला चाळीसेक जोड धुऊन वाळत घातलेले. त्यात निळे किती? निम्मे! दुसरा कुणी परत फिरला असता. पण मी तज्ज्ञ ना! पळणाऱ्याचा सोल कसा झिजतो यावर मी भाषणं देतो. एकेक बूट उलटा करून बघितला आणि सात नंबरचा एक जोड छातीठोकपणे उचलला.

तसाच अण्णांच्या घरी गेलो. त्यांनी बूट हातात घेतले, उलटसुलट केले, पाय घातला. म्हणाले, "व्हय, हेच की." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या घरची बाजरीची भाकरी खाल्ली आणि जग जिंकल्यासारखा साताऱ्याला आलो. खोटं कशाला बोलू, पुढं दोन भाषणांत मी हा किस्सा सांगून टाळ्याही घेतल्या.

चार महिन्यांनी अण्णांची बायको, हिरामावशी, खांदा दाखवायला आली. सागरचा पत्ता अजून नव्हताच. अण्णा कसे आहेत म्हटलं, तर म्हणाली परत लंगडत्यात. मग इकडंतिकडं बघून खालच्या आवाजात म्हणाली, "सागरच्या डाव्या बुटाला आंगठ्यापाशी मी काळ्या दोऱ्यानं शिवलं हुतं. तुमी आणल्यात त्येला टाकाच न्हाई. ते दुसऱ्याचं हायत."

अण्णांना कळलं नाही का, असं मी कसंबसं विचारलं.

"दारातच कळलं की. पर म्हणाले, डॉक्टर बिचारा जतपातुर जाऊन आला, त्येला सांगू नगं. आन म्हणाले, कुनाच्या तरी लेकाचंच हायत, कडक व्हाया नगंत." मग खांदा चोळत म्हणाली, "आदल्यापरास आवळ हायत. मी सांगितलं म्हनू नका."

ती गेल्यावर मी दार लावून रडलो. सागरचे बूट माझ्यामुळं गेले ते गेलेच.

पुढच्या गुरुवारी अण्णा आले, मावशीच्या खांद्याला लावायचं तेल न्यायला. मी मुद्दाम दाराबाहेर उभा होतो. लंगडत लंगडत पायऱ्या चढले. कुठं दुखतंय का, विचारलं. म्हणाले, "न्हाई. बूट लय ब्येस हायत." आणि मला बरं वाटावं म्हणून शेवटच्या दोन पायऱ्या ओठ दाबून सरळ चढले.

आणि मी, जो लोकांच्या चालीवर भाषणं देतो, त्या माणसाकडे बघून म्हणालो, "वा अण्णा, चाल एकदम सुधारली."