पौषातला तलाव

त्या हिवाळ्यात मी आजारी होते, पण पाहणाऱ्याला ते कळलं नसतं. ताप नव्हता, खोकला नव्हता. अकोल्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी भूगोल शिकवायचे. एका दुपारी फळ्यासमोर उभी असताना छातीत धडधडायला लागलं, हातांना मुंग्या आल्या आणि पुढचं वाक्य सापडेना. सगळा वर्ग माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आपण आता मरणार. तसं काही झालं नाही. पण ते पुन्हा होईल या भीतीने रोज सकाळी अंथरुणातून उठवेना. पुढे पुढे तर भीतीही वाटेनाशी झाली, नुसता जडपणा उरला. डॉक्टरांनी नैराश्य आणि चिंतेचा आजार असल्याचं सांगितलं, गोळ्या दिल्या आणि सुटी घ्यायला लावली. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. म्हणून नवऱ्याने मला जानेफळला, माझ्या आत्याकडे आणून सोडलं.

आत्या अंगणवाडीतून निवृत्त झालेली, घरात एकटीच असायची. तिने मला काहीच विचारलं नाही. काय झालं, कशानं झालं, लोक काय म्हणतात, काही नाही. ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी समोर ठेवायची. मी जेवले नाही तर ताट झाकून ठेवायची. मी दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचे.

एका सकाळी बुद्धवंदना झाल्यावर ती माझ्या उशाशी येऊन उभी राहिली.

"उठ व. मले तलावावर सोबत पाह्यजे."

"काऊन?" मी विचारलं. माझी शहरातली भाषा तिच्यासमोर आपोआप गळून पडायची.

"पोहाले जातो मी रोज. आता वय झालं. काठावर कोणी असलेलं बरं."

मला कुणी बरं करायला निघालं असतं तर मी उठले नसते. पण तिला सोबत हवी होती. शाल गुंडाळून मी तिच्यामागे निघाले.

तलाव गावापासून थोडा लांब होता. एका बाजूला मातीचा भराव, त्यावर दगड रचलेले. पलीकडे हरभरा आणि सोंगून, म्हणजे कापून ठेवलेली तूर. सूर्य नुकता वर येत होता आणि पाण्यावरून वाफ निघत होती. आत्याने लुगड्याचा काष्टा घट्ट मारला आणि एकेक दगड उतरत ती गळ्याइतक्या पाण्यात गेली. मग आरामात, एखादी बाई बाजारात चालते तशी, पोहायला लागली. मी तिचा टॉवेल मांडीवर घेऊन बसले. त्या दिवशी घरी येऊन मी अख्खी भाकर खाल्ली, हे मला आठवतं.

मलाही पोहता यायचं. उन्हाळ्याच्या सुटीत आत्यानेच विहिरीत शिकवलं होतं, पाठीला रिकामा डबा बांधून. पण विहिरीचं पाणी थंडीत कोमट लागतं. हे उघडं पाणी रात्रभर गारठ्यात पडलेलं असायचं. बरेच दिवस काठावर बसल्यानंतर एकदा मी पाय सोडले. दुसऱ्या दिवशी जुना पंजाबी ड्रेस घालून आले आणि आत्याच्या मागोमाग उतरले.

पाणी छातीला लागलं आणि माझा श्वास अडकला. धडधड, हातांना मुंग्या, पुढचं काही न सुचणं, सगळं तेच, वर्गात झालं होतं तेच. मी काठाकडे वळले. आत्याने माझा दंड धरला.

"श्वास घेऊ नको. आधी सोड. फू कर, चुलीवर फुंकतो तशी."

मी फुंकलं. पुन्हा फुंकलं. थोड्या वेळाने श्वास आपला आपण आत येऊ लागला. धडधड कमी झाली. अंगाला थंडी टोचत होती, पण मी तिथेच उभी होते आणि मला काही झालं नव्हतं. भीती येते, वर चढते आणि उतरते, हे डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं होतं. ते माझ्या अंगाला त्या सकाळी कळलं.

"हाव, आता हात मार," आत्या म्हणाली. मी थोडंसं पोहले आणि कुडकुडत बाहेर आले. तिने तुराट्या पेटवल्या. आम्ही शेकत बसलो. कितीतरी दिवसांनी मला कशाचं तरी हसू आलं. कशाचं ते आता आठवत नाही.

असं एकदम सगळं बरं झालं नाही. काही सकाळी मला उठताच येत नसे. त्या दिवशी आत्याही जायची नाही. माझ्या खोलीत लसूण सोलत बसायची. पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना पोहण्याचं सांगितलं. ते म्हणाले, "खुशाल पोहा. पण एकटीने नाही, जास्त वेळ नाही, आणि गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत." तसंच केलं.

गावात बोललं जाऊ लागलं. मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, पिकवणारी एक बाई तलावावर जुड्या धुवायला यायची. तिने एकदा आत्याला सरळच विचारलं, "एवढ्या थंडीत काऊन मरता व तुमी?"

आत्या म्हणाली, "माह्या घरचा माणूस गेला तवा मी वर्षभर झोपली नव्हती. कोणी म्हणे उपास कर, कोणी म्हणे देव पाहाले चाल. मी इथं येऊन बसू लागली. मंग एक दिवस उतरली. तवापासून झोप लागते."

हे मलाही पहिल्यांदाच कळत होतं. त्या भाजीवाल्या बाईने हातातली जुडी खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "मले बी झोप नाई लागत, बाई." होळीच्या आधी तीही आमच्याबरोबर पोहत होती, आणि आमच्यात सगळ्यात मोठ्याने तीच बोलायची.

जूनमध्ये मी कामावर परत गेले. त्याच फळ्यासमोर उभी राहिले आणि तास पूर्ण घेतला. पुढच्या वर्षी डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या.

त्या डिसेंबरात आम्ही आत्याला कोकणात नेलं. समुद्र तिने कधी पाहिला नव्हता. सकाळी ती किनाऱ्यावर बराच वेळ नुसती उभी राहिली. मग कंबरभर पाण्यात गेली, एक लाट अंगावर घेतली, ओंजळीतलं पाणी चाखून थुंकलं आणि म्हणाली, "हे पाणी स्वतःच उचलून घेते, व. मेहनतच नाई." आम्ही दोघी गार पाण्यात लाटांवर तरंगत राहिलो. नवरा किनाऱ्यावरून हाका मारत होता, आम्ही ऐकलं नाही.

आता आत्या पुण्याला मुलाकडे असते. खांदा धरला आहे, हात वर जात नाही. सोसायटीत पोहण्याचा तलाव आहे, पण त्या पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून ती उतरत नाही. फोनवर मला विचारते, तलावात पाणी किती आहे, हरभरा कसा आहे. मी अकोल्यात असते, मला काय माहीत. तरी त्या भाजीवाल्या बाईला फोन करून विचारते आणि आत्याला सांगते.

मागच्या दिवाळीनंतर तो जडपणा पुन्हा आला. या वेळी मी थांबले नाही. आधी डॉक्टरांकडे गेले, मग चार दिवसांची सुटी काढून जानेफळला, त्या बाईकडे. सकाळी मी आणि ती बाई भरावावर उभ्या होतो. पाणी तेवढंच गार होतं.

"तू आधी जा," ती म्हणाली.

"तू आधी," मी म्हणाले.

शेवटी दोघी एकदमच उतरलो.