सिग्नल पुकारणारे दिघेकाका

फतेगंजच्या चौकात सिग्नल आला की माझ्या स्कूटरवर मागे बसलेले दिघेकाका उजवा हात पुढे काढून मोठ्यांदा पुकारायचे, "लाल!" मी उलट "लाल" म्हणेपर्यंत तो हात खाली यायचा नाही. मला शिकवायला शाळेत पोचायची घाई, त्यात यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे सोडायचं, आणि आजूबाजूचे लोक टकामका बघताहेत. अगदी जीव नकोसा व्हायचा.

काका आमच्या शेजारचे, एके काळचे रेल्वेचे इंजिन ड्रायव्हर. इंजिनात दोघं असतात. सिग्नल दिसला की एकानं रंग पुकारायचा आणि दुसऱ्यानं स्वतः पाहून परत म्हणायचा, अशी तिथली रीत. "एकाच्या डोळ्यावर गाडी चालत नाही, अलका," ते म्हणायचे.

नोकरीत असताना एका संध्याकाळी त्यांनी "हिरवा" पुकारलं आणि असिस्टंट म्हणाला, "पिवळा." काकांना तर स्वच्छ हिरवा दिसत होता. तरी त्यांनी वेग कमी केला. पुढे मालगाडी उभी होती. गुजराती असिस्टंट म्हणाला, "जवा दो ने साहेब, जाऊ द्या, कुणाला कळलं नाही." काका दुसऱ्या दिवशी आपण होऊन रेल्वेच्या डॉक्टरपुढे जाऊन बसले. डोळ्यामागची नस कमजोर झाली होती. त्या ठिकाणी नेहमी हिरवाच मिळायचा, म्हणून डोक्यानं हिरवा दाखवला.

"डोळा निम्मंच सांगतो गं. बाकीचं डोकं पदरचं घालतं, आणि आपल्याला वाटतं आपण पाहिलं."

काकांच्या हातून इंजिन सुटलं. ऑफिसातलं टेबल मिळालं, पगार घटला, आणि मुलीचं लग्न तर तोंडावर आलेलं. "गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं?" हे काकींच्या तोंडून ऐकून ऐकून माझे कान किटले. एकदा काकांनी पिशवीभर हिरवे टमाटे आणले. "टमाटा म्हटलं की डोकं लालच रंगवतं," ते हसत म्हणाले. काकी हसल्या नाहीत. बाहेर पडल्यावर काकांनी कुठलाही रंग पुकारला तरी काकी तोंड फिरवायच्या. काका जरा वाट बघायचे आणि मग माझ्याकडे वळायचे. मला त्यांची दया यायची आणि कंटाळाही यायचा.

पुढे काकांचं दुखणं विकोपाला गेलं आणि परवा दवाखान्यातून "आता घरीच न्या" असं सांगितलं. रिक्षात काका मध्ये, दोन्ही बाजूंना आम्ही दोघी. फतेगंजला रिक्षा थांबली. काकांनी मांडीवरचं बोट जरासं उचललं.

"हिरवा," ते पुटपुटले.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकी वाकून समोर बघत म्हणाल्या, "नाही हो. लाल आहे. थांबलोय आपण."

"लाल," काका म्हणाले आणि त्यांनी बोट खाली ठेवलं. सिग्नल सुटेपर्यंत काकी समोर बघत होत्या. मग त्यांनीच पुकारलं, "हिरवा." काकांचा डोळा लागला होता.